नायट्रो इंजिन टाकी अर्ध्यावर आली की बंद पडतं? नवं इंजिन घेण्याआधी हे तपासा

रिमोटवर चालणारी नायट्रो गाडी (मेथॅनॉल आणि नायट्रोमिथेनच्या इंधनावर धावणारी छोटी गाडी) पहिली चार-पाच मिनिटं छान पळते. धूर हवा तेवढा, आवाज स्वच्छ. मग टाकी अर्ध्यावर येते, सरळ पट्ट्याच्या शेवटी आवाज चिरका होतो, वळणावर थ्रॉटल सोडला की इंजिन गप्प. गाडी उचलून आणा, टाकी भरा, स्टार्टर बॉक्सवर (इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या पेटीवर) ठेवा, लगेच चालू. पुन्हा पाच मिनिटं छान, पुन्हा तेच.

१/८ मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या आठव्या हिश्शाएवढी, नायट्रो बग्गी चालवणाऱ्यांना हे दुखणं चांगलं ओळखीचं आहे. त्यावर बहुतेक जण करतात तेच मीही केलं: आधी नीडल (इंधनाचं प्रमाण ठरवणारा स्क्रू) फिरवत बसलो आणि शेवटी दुसरं इंजिन घेतलं. दोन्ही चुकलं. कुठे चुकलं आणि खरा दोष कुठे सापडला ते सविस्तर लिहितो, म्हणजे निदान तुमचे पैसे वाचतील.

माझ्याकडची दोन्ही इंजिनं ३.५ सीसीची. पहिलं पाच पोर्टचं (पोर्ट म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतली, वायू आत-बाहेर जाण्याची छिद्रं), कार्बमध्ये, म्हणजे हवा आणि इंधन मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरमध्ये, मोठा इन्सर्ट (गळ्याचं माप ठरवणारी कडी), वरच्या वेगाला जबरदस्त. दुसरं तीन पोर्टचं, लांब स्ट्रोकचं (पिस्टनची वर-खाली चाल लांब), इन्सर्ट लहान. पहिलं पाचव्या मिनिटाला बंद पडायचं. दुसरं बसवलं आणि तीन रविवार ते एकदाही बंद पडलं नाही. मी निष्कर्ष काढला की पहिलं इंजिनच खराब आहे, आणि एका मित्रालाही पाच पोर्टचं घेऊ नकोस म्हणून सांगितलं. चौथ्या रविवारी दुसरंही सातव्या मिनिटाला बंद पडलं. आवाज तोच, वळणही तेच.

इंजिन वेगळं आणि दुखणं एकच, म्हणजे दोष इंजिनाच्या बाहेर असणार. मग पहिल्या दिवसापासून जे करायला हवं होतं ते सुरू केलं.

इंजिन कसं बंद पडलं ते आधी ऐका

नायट्रो इंजिनाला ठिणगी नसते. ग्लो प्लगमधली प्लॅटिनमयुक्त तार सुरुवातीला इग्नायटरच्या (प्लगवर लावायच्या छोट्या बॅटरीच्या) करंटने तापते. इग्नायटर काढल्यावर मेथॅनॉल आणि प्लॅटिनम यांच्यातली रासायनिक क्रिया आणि दाबाची उष्णता यांवर ती लाल राहते. ती विझली की इंजिन थांबलं. विझण्याची कारणं मुख्यतः दोन, आणि ती एकमेकांच्या उलट आहेत.

इंधन जास्त झालं, म्हणजे इंजिन रिच असलं, की तार भिजते आणि थंड होते. आवाज आधी भरडा होतो, थ्रॉटल दिला की गुळण्या केल्यासारखं होतं, मागे धुराचा लोट येतो, वेग उतरत जातो आणि मग ते थांबतं. इंधन कमी पडलं, म्हणजे लीन झालं, की उलटं. थ्रॉटल सोडला तरी आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) वरच टांगून राहतात, आवाज चढतो, धूर नाहीसा होतो आणि कुणीतरी बटण दाबावं तसं इंजिन एकदम थांबतं. तिसराही एक प्रकार आहे: रिच नाही, लीन नाही, ब्रेक मारला की त्याच क्षणी बंद. हा बहुधा क्लचचा दोष असतो.

ट्रॅकवर उभं राहून हे ओळखायला शिका, कारण पुढचा सगळा तपास यावर ठरतो. ओळखता येत नसेल तर मित्राला मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करायला सांगा. शेवटचे दहा सेकंद पुरतात. माझं इंजिन लीन होऊन बंद पडत होतं हे मला रेकॉर्डिंग ऐकल्यावरच पक्कं कळलं. चालवताना सगळं लक्ष वळणावर असतं.

मग हाय स्पीड नीडल (जास्त थ्रॉटलला इंधन किती जाईल ते ठरवणारी) थोडी उघडली की काम झालं, असं वाटेल. मीही तेच केलं. झालं असं की टाकी भरलेली असताना इंजिन रिच, गुळण्या करणारं, आणि टाकी अर्ध्यावर आली की बरोबर. गाडी बंद पडायची थांबली, पण पहिल्या तीन मिनिटांत प्रत्येक फेरीला सेकंद-सेकंद जायला लागला. पूर्ण टाकीला एक सेटिंग आणि अर्ध्या टाकीला दुसरं लागत असेल, तर दोष नीडलमध्ये नाही. इंधन पोचवणाऱ्या वाटेत कुठेतरी आहे.

टाकी पाण्यात बुडवा

बग्गीत इंधनाला पंप नसतो. एक्झॉस्ट पाइपमधून निघालेल्या बारीक नळीने टाकीत दाब येतो, तो दाब इंधन कार्बकडे ढकलतो, आणि कार्बच्या गळ्यातून वेगाने जाणारी हवा ते ओढून घेते. ढकलणं आणि ओढणं, दोन्ही मिळून काम होतं. टाकीचं झाकण नीट बसत नसेल तर ढकलणं कमी होतं. टाकी भरलेली असते तोवर फारसं जाणवत नाही. पातळी खाली गेली की उरलेल्या मोकळ्या जागेत दाब टिकत नाही, आणि इंजिन लीन होऊ लागतं. तापलेलं लीन इंजिन आणखी तापतं, आणि पुढच्या वळणावर बंद.

आता माझ्या दोन इंजिनांचं कोडं उलगडतं. पाच पोर्टच्या इंजिनात इन्सर्ट मोठा. गळा रुंद असला की हवेचा वेग कमी, म्हणून ओढ कमी. असं इंजिन टाकीच्या दाबावर जास्त अवलंबून असतं. तीन पोर्टच्या इंजिनात इन्सर्ट लहान, ओढ जोरदार. टाकीतला दाब थोडा गळत असताना त्याने दोष झाकून टाकला. टाकीच्या झाकणातलं रबर आणखी खराब झालं, गळती वाढली, तेव्हा तेही हरलं. म्हणजे तीन आठवडे मी ज्याला इंजिनाचा चांगुलपणा समजत होतो तो लहान इन्सर्टचा गुण होता. खात्रीसाठी लहान इन्सर्ट पाच पोर्टच्या इंजिनात घातला, तेव्हा तेही सातव्या मिनिटापर्यंत चाललं.

तपासणी सोपी आहे. टाकी गाडीतून काढा, इंधन रिकामं करा, कार्बकडे जाणारी नळी चिमट्याने बंद करा, प्रेशरच्या नळीला मोठी सिरिंज लावा, औषधाच्या दुकानात ५० मिलीची मिळते ती. टाकी बादलीत बुडवून हलकेच दाब द्या. झाकणाच्या कडेने, नळीच्या तोंडाशी किंवा टाकीच्या शिवणीवर बुडबुडे दिसले की सापडलं. तोंडाने फुंकू नका. नळीत मेथॅनॉल उरलेलं असतं आणि ते विषारी आहे. थोडंसं पोटात गेलं तरी डोळ्यांना आणि जिवाला धोका असतो. इंधन काढताना नळी तोंडात धरून ओढण्याची सवय काही जणांना आहे, ती आजच सोडा. आणि इंधन सांडलं असताना जवळ ग्लो इग्नायटर नको: मेथॅनॉलची ज्योत उन्हात जवळपास दिसतच नाही, हात भाजला की कळतं.

माझ्या टाकीला झाकणाच्या एका बाजूने बुडबुड्यांची सलग माळ आली. झाकणातली रबरी रिंग इंधनाने फुगून वाकडी झाली होती आणि झाकणाची स्प्रिंगही ढिली पडली होती. दोन्ही बदलली. पुन्हा बुडवून बघितलं, एकही बुडबुडा नाही.

टाकी बाहेर आहेच तर आणखी दोन गोष्टी बघून घ्या. आतल्या गाळणीत माती आणि रबराचा चिकट थर साचतो. ती साफ करा नाहीतर बदला. आणि सगळ्या सिलिकॉन नळ्या हातात घेऊन वाकवून पाहा. जिथे झिप टाय घट्ट बसते किंवा नळी चासीला घासते तिथे टाचणीएवढं भोक असतं, जे सरळ नळीत दिसत नाही. नळ्यांवर पैसे वाचवू नका, मोसमाला एकदा सगळ्याच बदला.

टाकी ठीक असूनही लीन

मग हवा दुसरीकडून आत शिरत असणार. याची खूण अशी की आयडल (थ्रॉटल सोडल्यावरची इंजिनाची मंद गती) कधीच स्थिर राहत नाही. लो स्पीड नीडल (कमी थ्रॉटलचं इंधन ठरवणारी) किती बंद-उघड केली तरी एकदा वर, एकदा खाली. एका फेरीला बरोबर, पुढच्या फेरीला वेडंवाकडं. नीडलचं ऐकत नाही असं इंजिन दिसलं की हवेची गळती समजा.

जागा ठरलेल्या आहेत. कार्ब क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या घरात) बसतो ती मान, मागच्या बॅकप्लेटची (त्या घराच्या मागच्या झाकणाची) ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, नीडलच्या बुडातल्या बारीक ओ-रिंग आणि पुढचं बेअरिंग. इंजिन काढून कार्बचं तोंड आणि एक्झॉस्ट रबराने बंद करा, इंधनाच्या निपलला सिरिंज लावा आणि कोमट पाण्यात बुडवा. पुढच्या बेअरिंगमधून एखाद-दुसरा बारीक बुडबुडा येणं चालतं, तिथे पूर्ण सील नसतंच. कार्बच्या मानेतून किंवा बॅकप्लेटमधून आला तर चालत नाही. ओ-रिंग बदला, जागा स्पिरिटने पुसून उष्णता सहन करणाऱ्या सिलिकॉनचा अगदी पातळ हात द्या. जाड दिला तर आत ओघळून दुसरीच भानगड होते.

या अंघोळीनंतर इंजिन तसंच ठेवू नका. लगेच कोरडं करून तेल घाला, नाहीतर मागचं बेअरिंग आठवड्यात गंजेल. एरवीही दिवसाच्या शेवटी टाकी पूर्ण रिकामी करून, उरलेलं इंधन जाळून आफ्टर-रन तेलाचे (गाडी ठेवताना इंजिनात घालायच्या, गंज रोखणाऱ्या तेलाचे) काही थेंब घालणं सोडू नका. नायट्रो जळल्यावर जे मागे राहतं ते पोलादाला खातं, आणि कोकणात किंवा मुंबईत पावसाळी हवेत तर फार लवकर.

ब्रेक मारला की बंद

टाकी दुरुस्त झाल्यावर माझं अर्ध्या टाकीचं दुखणं संपलं, पण तीन पोर्टचं इंजिन अधूनमधून हेअरपिनवर ब्रेक मारताना अजून बंद पडत होतं. हे दुखणं वेगळं होतं आणि आधीच्या दोषात लपलेलं होतं. एकाच वेळी दोन दोष असू शकतात हे लक्षात ठेवा. एक सापडला की लोक आनंदाने थांबतात आणि दुसऱ्यासाठी पुन्हा इंजिनाला बोल लावतात.

ब्रेक लागला की चाकं थांबतात, त्यांच्याबरोबर गिअर आणि क्लच बेलही (क्लचवरची वाटीसारखी टोपी) थांबते. त्या वेळी क्रँक (इंजिनाचा फिरता दांडा) मात्र बेलच्या आत मोकळा फिरत राहायला हवा. बेलमधली बेअरिंगं जाम झाली असली, स्प्रिंग मऊ झाल्यामुळे क्लचचे शू (बेलला आतून घासून पकडणारे तुकडे) बेलला चिकटून राहत असले, किंवा बेलला आडवी हालचाल करायला जागाच नसली, तर चाकांबरोबर इंजिनही थांबतं. नीडल कितीही अचूक असो.

तपासणीला दोन मिनिटं लागतात. गाडी उचला, फ्लायव्हील (क्रँकवरचं जड चाक) धरून ठेवा आणि बेल बोटाने फिरवा. खरखर, अडखळ काही नको. बेल मागे-पुढे सरकवून पाहा, कागदाच्या जाडीएवढी तरी मोकळीक हवी. नसेल तर वॉशर कमी करा. हे गाडी गरम असतानाही करून बघा (हातमोजा घालून), कारण थंड असताना मोकळी फिरणारी बेल तापल्यावर घट्ट होते. माझी अशीच होती. बेलच्या आतलं ५x१०x४ मापाचं एक बेअरिंग थंड असताना ठीक, गरम झालं की जाम. बेल उघडली तर पिंजरा तुटून गोळ्या एका बाजूला गोळा झालेल्या. ही बेअरिंगं सगळ्यात जास्त मार खातात. दर दोन-तीन दिवसांच्या चालवण्यानंतर ती काढून बघतो, आणि दोन जादा नेहमी पेटीत असतात.

सर्व्होही (थ्रॉटल आणि ब्रेक हलवणारी छोटी मोटर) बघा. रिमोट चालू करून, इंजिन बंद ठेवून, एअर फिल्टर काढा आणि कार्बच्या तोंडातून आत बघा. थ्रॉटल सोडलेला असताना फट साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर असते. आता पूर्ण ब्रेक मारा. फट तेवढीच राहिली पाहिजे. ती आणखी बंद होत असेल किंवा उघडत असेल तर लिंकेजची (सर्व्होपासून कार्बकडे जाणाऱ्या दांडीची) लांबी चुकली आहे. गाडीतल्या रिसीव्हरची (रिमोटचा संकेत घेणाऱ्या भागाची) बॅटरी उतरत आली की सर्व्हो पूर्ण मागे येत नाही, आणि हे नेमकं दिवसाच्या शेवटच्या फेरीत होतं, जेव्हा सगळ्यांना वाटतं की इंजिन थकलं.

आता नीडल

एवढं सगळं ठीक असल्याची खात्री झाल्यावरच नीडलला हात लावा. सेटिंग हरवलं असेल तर कंपनीच्या पत्रकात दिलेल्या मूळ जागेवर या. बऱ्याच कार्बवर हाय स्पीड नीडलचं डोकं तिच्या घराच्या कडेशी समपातळीत, ही सुरुवात असते. तिथून पुढे एका वेळी घड्याळाचा एक तास, म्हणजे फेऱ्याचा बारावा भाग. त्याहून जास्त नाही. आणि प्रत्येक बदलानंतर किमान दोन फेऱ्या मारा, इंजिनाला बदल कळायला वेळ लागतो.

आधी हाय स्पीड, मग लो स्पीड, सर्वांत शेवटी आयडलचा स्क्रू. हा क्रम उलटा करणारे फार आहेत: इंजिन बंद पडतं म्हणून आयडल वाढवायचं. त्याने लो स्पीड लीन असल्याचा दोष झाकला जातो, क्लच सतत घासत राहतो, तापतो, आणि वर सांगितलेलं बेअरिंगचं दुखणं ओढवतं.

लो स्पीड तपासायला चिमटा चाचणी: इंजिन पूर्ण गरम, आयडलवर. कार्बजवळ इंधनाची नळी बोटांनी दाबून धरा. तीन-चार सेकंदांत आरपीएम किंचित चढून इंजिन थांबलं तर बरोबर. दाबल्याबरोबर थांबलं तर लीन. सहा-सात सेकंद चालत राहिलं आणि आरपीएम खूप चढले तर रिच. ही चाचणी आधी एक लांब, पूर्ण थ्रॉटलची फेरी मारून मगच करा, नाहीतर आयडलवर साचलेल्या इंधनामुळे फसगत होते.

प्लग काढून तारही बघा. करडी, चमकदार, सरळ असेल तर सगळं ठीक. काळपट आणि ओली असेल तर रिच. वाकलेली, पीळ सुटलेली किंवा खरबरीत झाली असेल तर लीन, किंवा हेडखाली (सिलिंडरच्या वरच्या झाकणाखाली) शिम, म्हणजे दाब कमी करणारी पातळ चकती, कमी आहे. आणि कुठलाही तपास सुरू करताना नवा प्लग घाला. जुन्या प्लगवर तासभर नीडल फिरवण्यात मी दोन पूर्ण रविवार घालवले आहेत.

हवामानाचं आमच्याकडे विशेष बघावं लागतं. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, म्हणजे इथली हवा मुंबईपेक्षा सुमारे ६ टक्के विरळ. मुंबईत बरोबर बसलेली गाडी घाट चढून आली की रिच वाटणार, आणि पुण्याची गाडी तशीच खाली नेली तर लीन होणार. दुसरा प्रकार याहून फसवा आहे. डिसेंबरात पुण्यात सकाळी १२ अंश आणि दुपारी ३० अंश असतं. सकाळची गार हवा दुपारपेक्षा जवळपास तेवढीच, ६ टक्क्यांनी दाट. आदल्या दुपारी बसवलेलं सेटिंग घेऊन सकाळी पहिल्या फेरीला उतरलात तर इंजिन लीन असणार. गार आहे म्हणून तापमापकही कमी आकडा दाखवेल आणि सगळं ठीक वाटेल. सकाळी नीडल घड्याळाच्या एका तासाएवढी रिच करून सुरू करा.

खरंच इंजिन खराब आहे हे कसं कळतं

कधी कधी असतंच. या इंजिनांत पिस्टन सिलिकॉन मिसळलेल्या अॅल्युमिनियमचा आणि स्लीव्ह (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) पितळेची, आतून क्रोमचा मुलामा. पिस्टन रिंग नसते. स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित अरुंद असते. म्हणून थंड इंजिन हाताने फिरवलं की वरच्या टोकाला पिस्टन अडकतो. गरम झाल्यावर स्लीव्ह पिस्टनपेक्षा जास्त प्रसरण पावते आणि ते अंतर अचूक जुळतं. म्हणूनच नवं इंजिन सुरू करण्याआधी हेड हीट गनने ६०-७० अंशांपर्यंत तापवून घेतात. थंड असताना जबरदस्तीने फिरवलं तर कनेक्टिंग रॉड दुखावतो.

झिजलेल्या इंजिनाची पक्की खूण: थंड असताना सुरू होतं, गरम असताना बंद पडलं की काही केल्या सुरू होत नाही, आणि थंड व्हायला ठेवलं की पुन्हा सुरू. थंड अवस्थेतही फ्लायव्हील बोटाने सहज गोल फिरतं, वर कुठे अडत नाही. तसं असेल तर नीडल, प्लग, टाकी कशानेही फरक पडणार नाही. पिस्टन-स्लीव्हचा संच बदला, आणि रॉडही त्याच वेळी बदला. झिजण्याचं सगळ्यात मोठं कारण आपल्याकडची माती. फेब्रुवारीपासून ट्रॅक कोरडा पडला की पिठासारखी धूळ उडते. फिल्टरचा फोम दर वेळी गाडी चालवून झाली की बदला, तेल दोन्ही थरांना बोटांनी चोळून लावा, आणि फिल्टर कार्बच्या गळ्याला झिप टायने आवळा. एका फेरीत फिल्टर निघून गेला तर तेवढ्यात इंजिनाचं आयुष्य अर्धं होऊ शकतं.

मग दोन इंजिनांची तुलना करायची कशी

हे विचारणारे बरेच भेटतात, आणि माझ्या अनुभवानंतर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते यावर. एकाची गाडी, एकाचा पाइप, दुसऱ्याचं इंधन, आणि इंजिनांची तुलना, याला काही अर्थ नाही. एकाच गाडीत, तोच एक्झॉस्ट पाइप, तोच क्लच, तोच गिअर, एकाच डब्यातलं इंधन, त्याच क्रमांकाचा नवा प्लग आणि शक्यतो त्याच मापाचा इन्सर्ट ठेवून, एकाच दिवशी जवळच्या वेळेत दोन्ही चालवा. मी चार गोष्टी वहीत लिहितो: भरलेली टाकी किती मिनिटं गेली, पहिल्या आणि शेवटच्या तीन फेऱ्यांचा वेळ, तिसऱ्या आणि सातव्या मिनिटाला हेडचं तापमान, किती वेळा बंद पडलं. पहिल्या आणि शेवटच्या फेऱ्यांमधला फरक मला सर्वांत जास्त सांगतो. एकूण वेगवान इंजिनापेक्षा शेवटपर्यंत तसंच राहणारं इंजिन मी निवडेन. इफमारच्या (मॉडेल गाड्यांच्या शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) १/८ ऑफरोड जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी तासाभराची असते आणि टाकी १२५ सीसीची. नऊ मिनिटांच्या टाकीने सहा वेळा पिटमध्ये (इंधन भरण्याच्या जागी) यावं लागतं, आठ मिनिटांच्या टाकीने सात वेळा.

तापमानाचे आकडे मात्र दोन इंजिनांमध्ये लावून बघू नका. हेडच्या पात्यांचा आकार, तापमापकाची बंदूक कुठे रोखली, यावर दहा-पंधरा अंशांचा फरक सहज पडतो. एकाला १०५ योग्य, दुसऱ्याला १२० योग्य. आपल्याच इंजिनाचा कालचा आकडा आणि आजचा आकडा एवढीच तुलना खरी.

पोर्टच्या संख्येबद्दल फार वाद होतात. आधी मोजणी कशी केली ते विचारा: काही जण फक्त ट्रान्सफर पोर्ट (ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये आणणारे) मोजतात, काही एक्झॉस्टही धरतात. ढोबळ नियम असा की तीन पोर्टचं इंजिन खालच्या आरपीएमला जोर देतं, इंधन कमी पितं, सेटिंग माफक चुकलं तरी सांभाळून घेतं. पाच-सात पोर्टची इंजिनं वरच्या आरपीएमला खुलतात, तहान जास्त, आणि डांबरी ट्रॅकवरच्या गाड्यांमध्ये ती जास्त शोभतात. तीच गोष्ट स्ट्रोकची. ओ.एस. स्पीड या जपानी इंजिनांच्या बी२१ मालिकेत बोअर (सिलिंडरचा व्यास) १६.२७ आणि स्ट्रोक १६.८ मिलिमीटर, म्हणजे बोअरपेक्षा स्ट्रोक मोठा; खडबडीत मातीवर वळणातून बाहेर पडताना अशा इंजिनाचा उपयोग होतो. पण इन्सर्ट आणि पाइप बदलून याच गोष्टी बऱ्याच हलवता येतात. आपल्या छोट्या, वळणावळणाच्या मातीच्या ट्रॅकसाठी मी आजही तीन पोर्ट आणि लहान इन्सर्टच सुचवेन. मात्र ते बंद पडत नाही म्हणून नव्हे. बंद पडणं ही वेगळी गोष्ट आहे.

परदेशातले सेटिंगचे तक्ते वाचून तसेच लावणाऱ्यांना एक सूचना. युरोपियन युनियनमध्ये १ फेब्रुवारी २०२१ पासून सामान्य ग्राहकाला परवान्याशिवाय वजनाने १६ टक्क्यांपेक्षा जास्त नायट्रोमिथेन असलेलं इंधन विकता येत नाही, आणि अमेरिकेत ३० टक्क्यांचं सर्रास वापरतात. नायट्रो जास्त असेल तर हेडखाली शिम जास्त, नीडलही जास्त उघडी. कमी असेल तर उलट. युरोपियन रेसरची शिम बसवून आपण ३० टक्क्यांचं इंधन घातलं की दाब जास्त होतो, प्लगची तार वाकते, आणि दोष पुन्हा इंजिनावर जातो. प्लगचंही तसंच: ओ.एस.च्या क्रमांकात पी३ हा पी४ पेक्षा गरम, पण दुसऱ्या कंपनीच्या क्रमांकाचा अर्थ तसाच असेल असं नाही. डब्यावरचा मजकूर वाचा. आणि उघडलेला इंधनाचा डबा पावसाळाभर ठेवून वापरू नका, मेथॅनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि मग कुठलंच सेटिंग टिकत नाही.

सध्या पाच पोर्टचं इंजिन लहान इन्सर्टसह पुन्हा गाडीत आहे. नवं झाकण, नवी बेअरिंगं, नवा प्लग. गेल्या दोन रविवारांत एकदाही बंद पडलेलं नाही, आणि पूर्ण टाकी आठ मिनिटं चाळीस सेकंद जाते. ज्या मित्राला मी ते इंजिन घेऊ नकोस म्हणालो होतो त्याला फोन करून सगळं सांगितलं आहे. येत्या रविवारी मूळचा मोठा इन्सर्ट बसवून, त्याच डब्यातल्या इंधनावर, तेच चार आकडे पुन्हा लिहिणार आहे. टाकी किती मिनिटं गेली ते इथेच खाली नोंदवेन.